विहिरीच्या तळाशी ऊन

आयटीत काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच कारणांसाठी फोन करतात. एक, प्रिंटर चालत नाही म्हणून. दोन, कुणाच्या तरी पोराला किंवा पोरीला 'जरा समजावून सांग' म्हणून. पहिलं काम सोपं असतं, बंद करून चालू करायला सांगायचं. दुसऱ्यात मात्र बंद करून चालू करायची सोय नसते.

२०२५ च्या मे महिन्यात मला दुसऱ्या प्रकारचा फोन आला. मामाचा. मामा म्हणजे फुलसावंगीचा मामा. तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. पुण्यातल्या मंडळींसाठी अजून एक खूण देतो: पुसदची रात्रीची स्लीपर पकडायची, सकाळी डोळे चोळत उतरायचं आणि तिथून पुढे एसटी. माहूरची रेणुकामाता जवळ, उमरखेड जवळ, बाकी चहूकडे कापूस, सोयाबीन आणि तूर.

१३ मे ला दहावीचा निकाल लागला होता. मामाच्या नातीला, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलीला, चांगले मार्क पडले होते. घरच्यांचा बेत असा की तिने पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर घ्यावं, तीन वर्षांत डिप्लोमा आणि मग पुण्याला 'काकासारखी' नोकरी. आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं होतं की मी अकरावी सायन्स करणार, मग बीएस्सी फिजिक्स करणार आणि मग 'आकाशाचं' काहीतरी करणार. हे 'काहीतरी' घरात बॉम्बसारखं पडलं.

"तू ये बाबू दोन दिवस," मामा म्हणाला. "तुह्यं ऐकते ते."

आता थोडं गावाबद्दल, कारण त्याशिवाय मामाची बाजू कळणार नाही. फुलसावंगीचं नाव बाहेरच्या लोकांनी ऐकलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. आठवीनंतर शाळा सुटलेला, वेल्डिंगचं काम करणारा इथलाच एक तरुण, यूट्यूबवर बघून बघून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवत होता. चाचणीच्या वेळी मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला, आणि त्याचं पातं त्याच्याच डोक्याला लागलं. गेला. चॅनेलवाल्यांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा दाखवला की मी टीव्ही बंद केला होता. पेपरांत मग 'रँचो' वगैरे मथळे आले, आठवडाभर कौतुक झालं आणि संपलं. गावात ते संपलेलं नाही. मामाच्या तोंडी वाक्य तयार असतं: "इथं डोकं लावणाऱ्याले कोनी सांगाले नाई की इथून पुढं धोका आहे."

मला हे वाक्य फार नेमकं वाटतं. मामाचा विरोध शिक्षणाला नाही, शास्त्राला तर अजिबातच नाही. त्याचा मुद्दा असा की ज्या वाटेवर पुढे कोणी ओळखीचं उभं नाही, त्या वाटेवर सोळा वर्षांच्या पोरीला कशी धाडायची? डिप्लोमाच्या वाटेवर निदान मी उभा आहे, लॅपटॉपची बॅग घेऊन का होईना.

तर शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी पोचलो. सोमवार-मंगळवार सुट्टी टाकली होती. (मॅनेजरला कारण 'फॅमिली मॅटर' असं कळवलं. खोटं नव्हतंच.)

पहिल्या रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली. मे महिन्यातल्या संध्याकाळी सप्तर्षी मस्त डोक्यावर असतात. शेपटीच्या मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. ही पोरीने मला दाखवली, मी तिला नव्हे. मी फक्त एवढंच सांगितलं की हा जो उजेड आत्ता तुझ्या डोळ्यात शिरतोय तो तिथून साधारण ८० वर्षांपूर्वी निघालाय. मामा पलीकडच्या बाजेवरून म्हणाला, "म्हंजे माह्या जन्माच्या आधी." मग थोड्या वेळाने, "आणि आता ते तिथं आहे का नाई, हे कोनाले माहीत?" खगोलशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य साधारण तिसऱ्या प्रकरणात येतं. (तारे इतक्या लवकर विझत नाहीत, वसिष्ठ आणि अरुंधती जागेवरच असणार. पण प्रश्न बरोबर होता.)

मामाशी आकाशाबद्दल बोलायला लागलं की एक गंमत लक्षात येते. त्याला नक्षत्रं सगळी पाठ, पण ती तारे म्हणून नव्हे, पाऊस म्हणून. २५ मे च्या सुमारास रोहिणी, ७ जूनला मृग, मग आर्द्रा... सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येक साडेतेरा दिवसांचं, वर्ष पुरं. "मृग लागला" म्हणजे सूर्य मृगाच्या तारकांपाशी पोचला. तेव्हा मृग दिसत नाही, कारण तो दिवसा सूर्यासोबतच उगवतो आणि मावळतो. दिसतो तो थंडीत, रात्रभर. शेतकऱ्याला जून महिन्यात सूर्य कुठल्या तारकांसमोर आहे हे आकाशाकडे न बघता माहीत असतं. आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं, हात वर करा.

पण यातही एक मेख आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एक फेरी साधारण २६ हजार वर्षांची. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशोबाचं वर्ष हे ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं पडतं. सुमारे ७१ वर्षांत एक दिवस सरकतो. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मृग ऋतूंच्या मानाने जवळजवळ दहा दिवस आधी लागायचा. मी हे सांगितल्यावर मामा उठूनच बसला. "म्हंजे पाऊस लांबला नाई, मृगच पुढं आला?" म्हटलं, एका माणसाच्या आयुष्यात एकच दिवस, तुझ्या पेरणीचं खापर त्याच्यावर नको फोडू. पण दोघे आजोबा-नात त्यावर अर्धा तास बोलत होते. मला कुणी विचारत नव्हतं.

पुढचा कार्यक्रम शून्य सावलीचा. हा पोरीचा. तिने शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं: १९ मे.

शून्य सावलीचं थोडक्यात सांगतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो असं आपण म्हणतो, पण अगदी बरोब्बर डोक्यावर तो वर्षातून दोनच दिवस येतो, आणि तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांतच. दिल्लीकरांच्या नशिबात हे कधीच नाही. डिसेंबरात दक्षिणेला गेलेला सूर्य उत्तरेकडे सरकत येतो. ज्या दिवशी तो आपल्या गावाच्या अक्षांशावर पोचला त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीची सावली नाहीशी. पुण्यात हे होतं १३-१४ मे ला, नागपुरात २६ मे ला. फुलसावंगी दोघांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणून १९. परतीच्या वाटेवर तो जुलैच्या शेवटी पुन्हा भेटतो, पण तेव्हा ढगच ढग.

यातून एक सुंदर हिशोब निघतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, इथला पावणेवीसच्या आसपास. अंतर सव्वा अंश. एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. म्हणजे उत्तर-दक्षिण धरलं तर सुमारे १३५ किलोमीटर, आणि सूर्याला लागले पाच-सहा दिवस. रोजचे पंचवीसेक किलोमीटर. पोरगी म्हणाली, "काका, एवढं तर दिंडी चालते!" खरंच की. आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी एखाद्या मोठ्या टप्प्याला जेवढं चालते, साधारण तेवढ्याच वेगाने मे महिन्यात सूर्य आपल्या महाराष्ट्रावरून उत्तरेला जात असतो. मी हे इतक्या वर्षांत कधी अशा रीतीने बघितलं नव्हतं.

सोमवारी ढग येऊन जाऊन होते. त्या आठवड्यात अवकाळीचंच वातावरण होतं. अंगणात शेजारच्या गवंड्याकडून आणलेला ओळंबा, त्याच्या दोरीला समांतर धरून उभा केलेला पाइपाचा तुकडा, आणि एक उलटा ठेवलेला स्टीलचा पेला. मामीने विचारलं, ग्रहणात मुसळ उभं राहतं तसलं काही आहे का हे? पोरीने ताबडतोब घरातलं मुसळ आणलं आणि काही ग्रहणबिहण नसताना उभं करून दाखवलं. बूड सपाट असलं की ते कुठल्याही दिवशी उभं राहतं. मामी म्हणाली, "मंग एवढी वर्षं कायले वाट पाह्यत होतो?" आणि हसत आत गेली.

मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसते, हे पण त्या निमित्ताने झालं. आपलं घड्याळ चालतं ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर. आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो. त्यात मे महिन्यातली तीन-चार मिनिटांची वजाबाकी. उत्तर आलं सव्वाबारा. बारा वाजून दहा मिनिटांनी ढग आला. पोरीचा चेहरा बघवेना. आणि बरोबर वेळेवर तो सरकला... पेल्याची सावली पेल्याच्या खालीच गडप, पाइपाच्या तळाशी उन्हाचा गोल पैसा.

मामा ओसरीत बसून बघत होता. तो बोलला ते मी जसंच्या तसं लिहितोय.

"हे तं मले माहीत आहे."

म्हणजे? तर ऐंशीच्या दशकात त्याने वावरात विहीर खोदली. खोदकाम उन्हाळ्यातच चालतं, पाणी खाली गेलेलं असतं म्हणून. खाली उतरलेल्या माणसाला एक सोय असते, विहिरीच्या काठाची सावली. सकाळी एका बाजूला, दुपारनंतर दुसऱ्या. "पण मे महिन्यात तीन-चार दिवस असे येत की दुपारी खाली सावलीच नसे. तळाले सगळं ऊन. त्या टायमाले आम्ही वर येऊन भाकर खात होतो." कुठल्या तारखा, हे त्याला आठवत नव्हतं. रोहिणीच्या आधी, एवढं पक्कं.

इथे मला राहवेना. कारण हाच प्रसंग, अगदी विहिरीसकट, भूगोलाच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीस नावाच्या ग्रंथपालाच्या कानावर आलं की दक्षिणेला सायीनी गावात एका ठराविक दिवशी दुपारी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं. त्याच दिवशी त्याच्या अलेक्झांड्रियात काठीची सावली पडायची, कोन सुमारे सात अंश. सात अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास, म्हणजे पृथ्वीचा परीघ! माणूस गाव सोडून कुठे गेला नाही आणि पृथ्वी मोजून मोकळा झाला. मामाला सांगितलं, तुझ्याकडे विहीर होती, फक्त अलेक्झांड्रियात काठी घेऊन उभा राहणारा माणूस नव्हता.

"तवा तू होता का पुण्याले?" मामाने विचारलं.

म्हटलं, मी तेव्हा पाळण्यात.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी २० मे ला, सकाळी मोबाइलवर बातमी आली. जयंत नारळीकर गेले. पुण्यात, वयाच्या ८६ व्या वर्षी. पोरीकडे त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' होतं, मीच दोन वर्षांपूर्वी दिलेलं, कोपरे दुमडून दुमडून जाडं झालेलं. ती काही बोलली नाही, पुस्तक घेऊन आत गेली.

नारळीकरांची एक सवय होती. मुलं सही मागायला आली की ते सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली सही असेलच. कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला फ्रेड हॉईलबरोबर काम केलेला माणूस १९७२ मध्ये परत येतो, १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी करतो आणि शाळकरी पोरांच्या पोस्टकार्डांना उत्तरं लिहीत बसतो. आणि वैज्ञानिक म्हणून आयुष्यभर अल्पमतात. सगळं जग महास्फोटाच्या बाजूला गेलेलं असताना हे शेवटपर्यंत 'मला पटत नाही, पुरावा दाखवा' म्हणणारे. माझं स्वतःचं मत विचाराल तर पुरावा महास्फोटाच्याच बाजूचा आहे. पण कोड रिव्ह्यूमध्ये असा एक माणूस असावा.

संध्याकाळी पोरीने वही आणली. "काका, मी त्यांना हे विचारणार होते. तुम्ही सांगा." प्रश्न असा: विश्व प्रसरण पावतं, तर आपलं अंगण का मोठं होत नाही?

प्रश्न झकास आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर या हिशोबाने. पण जिथे दुसरं बळ पकडून बसलेलं आहे तिथे हे ताणणं चालत नाही. अंगणातली फरशी अणूंच्या विद्युतबळाने बांधलेली, पृथ्वी सूर्याला गुरुत्वाने बांधलेली, आपली आकाशगंगासुद्धा स्वतःला धरून आहे. एवढंच काय, शेजारची देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येतेय. फुगतात ते या बांधलेल्या मोळ्यांच्या मधले रिकामे पट्टे. मामा म्हणाला, "म्हंजे वावर वाढत नाई, धुरे वाढतात." यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून कुठे सापडलेलं नाही.

पण मामा मूळ मुद्दा विसरला नव्हता. जेवणं झाल्यावर त्याने तो काढलाच. "हे सगळं पाहून भेटते काय?"

मी पहिल्यांदा नेहमीचं उत्तर दिलं. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये तू वावरात उभा राहून फोटो काढतोस ना, त्याला जागा सांगणारे उपग्रह आहेत. त्यांच्यावरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइनस्टाइनचं गणित लावून ती दुरुस्त केली नाहीत तर एका दिवसात तुझं वावर दहा किलोमीटर सरकेल. मामा म्हणाला, बरं झालं केलं दुरुस्त, पण ते करणाऱ्याला पगार कोण देतो आणि तो राहतो कुठे? अमेरिकेत ना? पोरगी अमेरिकेला धाडायची का?

मग मी औंढ्याचं सांगितलं.

औंढा नागनाथ त्याला माहीतच. ज्योतिर्लिंग, नामदेवांसाठी देऊळ फिरलं ते. फुलसावंगीहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. त्या तालुक्यात लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनातल्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आतली हवा काढलेली, टोकाला आरसे, मधून लेसर. एखादी गुरुत्वीय लहर आरपार गेली की एक भुजा केसभर... केसभर कसली, प्रोटॉनच्या रुंदीच्या एका शतांशाहूनही कमी लांब होते आणि दुसरी तेवढीच आखूड. तेवढा फरक मोजायचा. खोटं वाटतं, पण १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या असल्या दोन यंत्रांनी ते मोजलं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, १३० कोटी वर्षांपूर्वी. तीन सूर्यांएवढं वस्तुमान सेकंदाच्या अंशात लहरी होऊन गेलं. मामाची काळी माती ज्या बेसाल्टची झाली तो साडेसहा कोटी वर्षांचा. लहर निघाली तेव्हा त्याचा पत्ताच नव्हता.

आणि हे आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी: ती लहर गोंगाटात बुडालेली असते. ती शोधायची कशी? आधी गणिताने हजारो संभाव्य लहरींचे नमुने तयार करायचे आणि येणाऱ्या डेटावर एकेक सरकवून बघायचं, कुठला चपखल बसतो. लॉगमध्ये पॅटर्न शोधतो तसंच, फक्त गोंगाट भयंकर. या पद्धतीचं पायाभूत काम पुण्यात आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी! एवढ्या वर्षांत मी किती प्रोजेक्टची नावंसुद्धा विसरलो असेन.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. लक्ष्य २०३० चं.

मामा २,६०० कोटींवर थांबला. मला वाटलंच होतं. २०२४-२५ चा हमीभाव लांब धाग्याला ७,५२१ रुपये क्विंटल होता, आणि मामाचा कापूस त्याच्या खाली गेला होता. "एवढ्या पैशात..." तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. मीही काही बोललो नाही. या वाक्याला चटकन देता येतील अशी उत्तरं आहेत, मला पाठ आहेत, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या ओसरीवर बसून ती तोंडातून निघत नाहीत.

पोरगी बोलली. "आबा, ते पैसे कापसातून काढून नाही दिले. आणि तिथं मशीन लागली तर चालवायला माणसं लागतील ना? व्हॅक्यूमची, वायरिंगची, वेल्डिंगची. सगळी काय पुण्याहून येतील का?"

वेल्डिंगची म्हणाली तेव्हा मामाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आत मामी भांडी लावत होती तेवढाच आवाज.

"वीसशेतीसले तू किती वर्षांची होशील?"

"एकवीस. बीएस्सी झालेली असेल."

मामाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्याकडे वळला.

"बाबू, पुसदले मुलींचं होस्टेल कसं आहे ते उद्या निंगायच्या आधी पाहून घे. आणि ते इंटरनेटवर पाह्य बरं, इथून औंढ्याले डायरेक्ट गाडी आहे का. का उमरखेडले बदलाव लागते?"